अंजिराचा चीक

सुदुंबरे
१७ एप्रिल २०२४

आदरणीय दत्तोबा आबा यांस,
भिमाजी गाडेचा रामराम.

तुमचे गुडघे कसे आहेत? घाटात इतकी वर्षं रेल्वेलाइनवर काढलीत, ते आता त्याचा हिशेब मागणारच. पण तेल लावून शेकत जा, कंटाळा करू नका. विहीणबाई सारिकाताईंचं पित्त कमी झालं का? सकाळी उपाशीपोटी चहा घेऊ नका म्हणून मी त्यांना लग्नातच बजावलं होतं, ऐकतात का? शेजारचे चाँदभाई मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पेपर वाचायला लागले का? इकडे माझा खोकला गेला. आमच्या कारभारणीची, सरुबाईची कंबर आहे तशीच आहे आणि तोंडही आहे तसंच चालू आहे, म्हणजे तब्येत ठीक समजायची. पोराची, सत्यमची तळेगावच्या कंपनीत या आठवड्यात पहिली पाळी आहे.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला फोनवर दोन वाक्यांच्या पुढे सुचत नाही. म्हणून हे पत्र. सूनबाई राजेश्वरी चार दिवस माहेरी यायची म्हणते, तिच्याच हाती देतोय. सोबत अंजिराची पेटी आहे. वरची मऊ फळं आजच खा, खालची दोन दिवस टिकतील.

आमच्या दहा गुंठ्यांच्या पॉलिहाउसात आधी जरबेराची फुलं होती, ती तुम्ही पाहिलीत. फुलं गेली, सांगाडा राहिला. तीन वर्षांपूर्वी मी त्यात पिशव्यांत माती भरून अंजीर लावले तेव्हा गाव हसलं. अंजीर पुरंदरकडचं, मावळच्या पावसात पानाला तांबेरा येतो, फळ झाडावरच सडतं. मी म्हटलं, डोक्यावर छप्पर असल्यावर पाऊस काय करेल? पाऊस काहीच करत नाही. पण या उन्हाळ्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी आत पाऊल टाकलं की तापल्या तव्यावर तोंड धरल्यासारखं होतं. तापमापकाच्या काट्यावर चव्वेचाळीस. गेल्या साली निम्मी फळं सुपारीएवढी होऊन गळून पडली आणि मी पिशव्यांमध्ये बसून राहिलो होतो.

यंदा फळ टिकलं, ते तुमच्या नातीमुळे. मी बाजूचे पडदे अकराला, ऊन चढल्यावर गुंडाळायचो. ती म्हणाली, मामा, तोवर आत उष्णता कोंडलेली असते, सातलाच उघडू या. एवढंच केलं. मी शाळा सातवीपर्यंत केली, शेती बघून बघून शिकलो; पण हे माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. शेंडे खुडायचं कामही आता तिच्याकडेच आहे. पाच-सहा पानांनंतर शेंडा मोडला की फळ धरतं. मोडताना दुधासारखा चीक गळतो, हाताला चिकटून बसतो, साबणाला दाद देत नाही. त्यावर मी तिला माझा स्वतःचा उपाय दिलाय: हौदावर बसून लिंबाची फोड खसाखसा चोळायची. चीक सुटतो, हात लखलखीत.

एक झाड मात्र गेलं. पानांवर पिवळे डाग धरले होते. राजेश्वरी म्हणाली, औषध नाही का? मी म्हटलं, याला औषध नाही, डाग दिसला की बाहेर काढायचं, नाहीतर शेजारच्यांना लागतो. उपटून बांधावर जाळलं. तिला फार लागलं ते. तेव्हापासून जरा गप्प आहे. आणि एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या घालून फिरते. सरुबाई म्हणते, नवी फॅशन असंल. तिला चार दिवस थंड हवेत खाऊपिऊ घाला म्हणजे खुलेल.

रविवारी सत्यम न्यायला येईल.

तुमचा,
भिमाजी

*

भांगरवाडी, लोणावळा
२२ एप्रिल २०२४

रा. रा. भिमाजी गाडे यांस,

पत्र आणि अंजीर पोहोचले. फळ चांगलं आहे. आमच्या तब्येती ठीक आहेत.

सत्यमराव काल येऊन गेले. राजेश्वरीला अजून काही दिवस इथं राहायचं आहे, म्हणून त्यांना एकटंच परत पाठवावं लागलं. चहा न घेता गेले, त्याबद्दल गैरसमज नसावा. पुन्हा न्यायला येण्याची घाई करू नये. पाठवायचं झालं की आम्ही कळवू.

दत्तोबा पडवळ

*

सुदुंबरे
२७ एप्रिल २०२४

आदरणीय आबा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी वाटलं तुम्ही रागावलात. भिमाजीराव म्हणणारा माणूस एकदम रा. रा. गाडे म्हणायला लागला, म्हणजे अंजीर वाटेत आंबले की काय? मग सरुबाईला वाचून दाखवलं, तर ती कपाळाला हात लावून हसायला लागली. म्हणाली, “आवं, तुमास्नी पिकातलं कळतं, माणसातलं न्हाई. पोर गप्प, अंग झाकून घेती, म्हायेरी ऱ्हायचं म्हणती. ह्यो काय राग हाय व्हय?”

आबा, तुम्ही मोकळेपणी लिहीत नाही याचा अर्थ मी तोच धरला. तिसरा महिना लागेपर्यंत बोलायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. मीही गावात चकार शब्द काढलेला नाही. पण सरुबाईनं डिंक आणून ठेवला आणि जुन्या साड्या काढून गोधडीला बसली, तिला कोण आवरणार? सत्यम मात्र हिरमुसलाय. त्याला दारातून परत यावं लागलं. फोन केला तर राजेश्वरी म्हणते, जेवलात का, झोपा आता. दोन वाक्यांत संपवते. मी त्याला समजावलं, बायकांचं असं असतं, थोडी कळ काढ.

सारिकाताईंना सांगा, तिला आंबट हवं असेल तर इथल्या कैऱ्या पाठवतो. लोणावळ्यात डॉक्टरला दाखवलं असेलच. वजन बिजन उचलू देऊ नका.

इथं ऊन वाढलंय. पाण्याचं धुकं सोडणारा फॉगर दुपारी तीनदा चालवतो, तरी पानं माना टाकतात. सकाळी सातला पडदे मीच उघडतो, पण तिच्यासारखं हलक्या हातानं होत नाही. परवा दोरी तुटली. तिला सांगा, झाडं विचारतात.

नुसतं होय एवढं लिहिलंत तरी पुरे.

तुमचा,
भिमाजी

*

भांगरवाडी, लोणावळा
४ मे २०२४

रा. रा. भिमाजी गाडे यांस,

तुम्हाला वाटतं तसं काही नाही. तुमचं पत्र वाचून मला राग आला, नंतर लाज वाटली, की ज्या घरात गोधडी शिवायला घेतली आहे त्यांना मी हे लिहितो आहे. पण लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. चाँदभाईंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मनात कुढत बसू नका, तुमचा व्याही वाईट वाटत नाही, सरळ विचारा. म्हणून विचारतो.

राजी आली त्याच दिवशी संध्याकाळी भांडी घासताना तिची बाही वर गेली. मी ओट्यावर बसलो होतो. तिच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चार पट्टे आहेत, काळेजांभळे, मधून मधून फोड आलेले. छडीचे उठतात तसे. दंडावर तर पाच बोटांचा ठसा आहे, कुणी आवळून धरल्यासारखा. मनगटातल्या हिरव्या काचेच्या बांगड्यांखाली तेवढी कातडी साफ आहे. बाकी हात पाहवत नाही.

मी विचारलं, कुणी मारलं? ती म्हणाली, कुणी नाही. मग हे काय? तर काही नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं तर हात जोडायला लागली. तिच्या आईनं, सारिकानं रात्रंदिवस विचारलं, तिलाही एकच सांगते, तिकडं कळवू नका आणि मला एवढ्यात परत पाठवू नका. कुणी मारलं नसेल तर कळवायची भीती कशाची?

माझी थोरली बहीण लग्नानंतर दुसऱ्या दिवाळीला अशीच बाह्या ओढून आली होती. आमच्या बापानं पाहिलं आणि पाव्हण्यांशी वाकडं नको म्हणून चौथ्या दिवशी तिला गाडीत बसवून दिलं. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. ती परत आली नाही. राजीचा बाप गेल्यावर तिला मी वाढवलंय. मी तिला गाडीत बसवणार नाही.

तुम्ही मोठ्या मनाचे आहात असं मी लग्नात चारचौघांत म्हणालो होतो. आता मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. तुमच्या घरात माझ्या नातीवर हात कुणी उचलला?

दत्तोबा पडवळ

*

सुदुंबरे
११ मे २०२४

आदरणीय आबा,

हे पत्र टपालात टाकलं नाही, सत्यमच्या हाती देतोय. तो तुमच्या फाटकाबाहेर उभा राहील. पत्र शेवटपर्यंत वाचा आणि मगच त्याला आत घ्यायचं की नाही ते ठरवा. त्याला मी सांगितलंय, आबांनी जा म्हटलं तर एक शब्द न बोलता मागे फिरायचं.

तुमचं पत्र मंगळवारी सकाळी आलं. वाचून झाल्यावर मी पॉलिहाउसात जाऊन बसलो. मग सत्यम पाळीवर निघाला होता त्याला बांधावर थांबवलं. पत्र दाखवलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघून विचारलं, “तू राजेश्वरीवर हात उचललास का? खरं असंल तं आत्ता सांग. मी तुझा बाप हाय, पर त्या पोरीला बाप न्हाई.” आबा, एकुलता पोरगा आहे तो माझा. तो म्हणाला, “नाही आप्पा.” मग म्हणाला, “तिला कुणी मारलंय का?” आणि डबा खाली ठेवून बांधावरच बसला. त्या दिवशी तो कामावर गेला नाही. तेव्हाच लोणावळ्याला पळणार होता, मी अडवलं. म्हटलं, नुसत्या शब्दानं कुणाचं समाधान व्हायचं नाही, आधी मला शोधू दे.

सरुबाईलाही विचारलं. ती आधी भडकली, मग रडली. म्हणाली, “मला बी इचारलं ते बरं केलं. पर या घरात त्या पोरीला कुणी आवाज चढवून बोललं न्हाई.”

मग मी तुमचं पत्र पुन्हा वाचत बसलो. बांगड्यांखाली तेवढी कातडी साफ आहे, असं तुम्ही लिहिलंय. तिथं मी अडलो. छडी बांगड्या चुकवून कशी पडेल? काचेच्या बांगड्या फुटल्या असत्या, त्यांचे काप उठले असते. मग बांगडीखाली काय पोचत नाही? विचार करता करता माझं लक्ष समोर गेलं. पडदा वर होता आणि त्याच्या पट्टीची सावली जमिनीवर पडली होती. बांगडीखाली ऊन पोचत नाही, आबा.

मी उठलो, अंजिराचा शेंडा मोडला आणि डाव्या हातावर चिकाचे तीन पट्टे ओढले. एक नुसता ठेवला. दुसऱ्यावर लिंबाची फोड चोळली. तिसऱ्यावर फडकं गुंडाळलं. आणि हौदावर, राजेश्वरी बसते त्याच दगडावर, भर दुपारी हात पसरून तासभर बसलो. सरुबाई म्हणाली, या वयात ह्यो काय पोरखेळ. संध्याकाळी बघितलं तर हातावर काही नाही. मी खचलो. वाटलं, चुकलो, आता आबांना काय तोंड दाखवू?

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आग व्हायला लागली. गुरुवारी सकाळी नुसत्या चिकाचा पट्टा लाल झाला होता, लिंबाच्या पट्ट्यावर टरटरून फोड आले होते आणि फडक्याखाली काहीच नव्हतं. आता लिंबाचा पट्टा काळवंडायला लागलाय. सत्यमच्या मोबाइलमध्ये फोटो आहे, बघा. तुम्ही लिहिलेल्या रंगाशी ताडून बघा.

काल तळेगावला कातडीच्या डॉक्टरीणबाईंना हात दाखवला. त्या म्हणाल्या, अंजिराच्या झाडाचा चीक अंगावर असताना ऊन लागलं की असं भाजतं, आणि लिंबाच्या रसानंही अगदी तसंच होतं. दिसायला एक-दोन दिवस जातात, म्हणून कशानं झालं ते कुणाच्या ध्यानात येत नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. डाग जायला काही महिने घेतील, पण जातात. ऊन लागू द्यायचं नाही एवढं पथ्य, आणि लावायला मलम दिलंय, तेही पाठवतोय. राजेश्वरीला तिकडं डॉक्टरला जरूर दाखवा. दंडावरची पाच बोटं तिचीच असणार. शेंडे मोडता मोडता चिकाच्या हातानं तिनं दंड खाजवला असेल, नाहीतर दंड धरून उभी राहिली असेल.

तीन वर्षं मला कधी झालं नाही, कारण मी जन्मभर पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो आणि तळहात तर लाकडाचे आहेत. तिच्या बाह्या आखूड. आणि वरून लिंबू चोळायला सांगितलं ते मी. उन्हात, हौदावर बसून. कुणाला न विचारता काढलेला उपाय, आणि त्याचं तुम्हाला कौतुकानं लिहिलंसुद्धा.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. हात सत्यमनं उचलला नाही, सरुबाईनं उचलला नाही. तो भाजला माझ्या शहाणपणामुळे. राजेश्वरीनं हे लपवलं का, ते मला अजून कळत नाही. ती आमच्या घरात घाबरली असेल, तर तेही माझंच उणं आहे, आणि ते मलमानं जायचं नाही. तिला यायचं नसेल, तर मी रागावणार नाही. पण उत्तर मात्र धाडा.

भिमाजी

*

भांगरवाडी, लोणावळा
१४ मे २०२४

प्रिय भिमाजीराव,
सप्रेम रामराम.

आधी हाताचं लिहा. फोड फोडू नका, पाण्यात घालू नका. सरुवहिनींची कंबर कशी आहे, आणि त्यांना या म्हाताऱ्याचा राग आलाय का? सत्यमराव कालच्या गाडीनं निघाले ते सुखरूप पोहोचले का? माझे गुडघे दुखतात, पण काल मी ओट्याच्या पायऱ्या दोनदा चढलो-उतरलो आणि तेव्हा मला काही कळलं नाही.

तुमचा मुलगा शनिवारी साडेअकराला आला. फाटकाशी उभा राहिला, पत्र सारिकाकडे दिलं आणि तिथंच थांबला. पर्यटकांच्या गाड्या वाजत होत्या, तो हललासुद्धा नाही. मी ओट्यावर बसून वाचायला घेतलं. तुम्हाला माहीतच आहे, मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे मी मनातल्या मनात वाचतोय असं मला वाटतं आणि अख्खी आळी ऐकते. चाँदभाई त्यांच्या दारात येऊन उभे राहिले. राजी आत तांदूळ निवडत होती. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, हे मी वाचलं आणि बघतो तर ती माझ्यासमोर उभी. म्हणाली, “आबा, ते परत वाचा.”

मी परत वाचलं. मग ती खाली बसली आणि इतके दिवस अडवून धरलेलं सगळं तिनं एका दमात सांगितलं. हातावर डाग उठले तेव्हा तिला वाटलं, आपल्याला कातडीचा काहीतरी रोग झाला, घरभर पसरेल. त्याच सुमाराला तुम्ही ते पिवळ्या डागांचं झाड उपटलंत. डाग दिसला की बाहेर काढायचं, असं तुम्ही तिच्यासमोर म्हणालात. तुम्ही झाडाबद्दल बोलत होतात. तिनं ते मनाला लावून घेतलं. कुणी काढायच्या आधी आपणच निघावं, डाग जातील तेव्हा परत जावं, असा तिचा बेत होता. आपला रोग सत्यमरावांना लागेल, पेला वेगळा, ताट वेगळं ठेवावं लागेल म्हणून ती त्यांच्याजवळ बसतसुद्धा नव्हती. आणि इथं आम्ही तिच्या गप्प राहण्याचा भलताच अर्थ लावत बसलो. लग्नाला सहाच महिने झालेल्या सुनेला सासर अजून इतकंच कळलेलं असतं, भिमाजीराव. त्यात तुमचं उणं नाही. पण झाड उपटताना यापुढे दोन शब्द जास्त बोलत जा.

त्याच दुपारी तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनीही तळेगावच्या बाईंसारखंच सांगितलं. मोबाइलमधला तुमचा फोटो बघून राजी आधी रडली, मग हसली. म्हणाली, मामांनी मुद्दाम भाजून घेतलं, आता सरुआत्या त्यांना हौदाकडे फिरकू देणार नाहीत. सत्यमराव रविवार धरून दोन दिवस राहिले. सारिकानं त्यांना जेवताना इतका आग्रह केला की शेवटी ते पान सोडून पळाले. राजी आणखी आठवडाभर राहील, हात जरा सावरू दे. मग तुम्ही दोघं न्यायला या. सकाळचे पडदे सातलाच उघडा आणि तुटलेल्या दोरीला हात लावू नका, हा तिचा निरोप.

आता माझं. मी तुमच्या दारात न येता तुमच्या मुलावर आळ घेतला. त्यांची मी माफी मागितली. ते म्हणाले, आबा, तुम्ही विचारलंत म्हणून कळलं. तुमचीही मागतो.

एक सांगतो. बांगड्या, लिंबू, डॉक्टर, फोटो हे सगळं पत्रात पुढं आलं. मी त्याच्या खूप आधी थांबलो होतो. तुम्ही बांधावर पोराच्या तोंडाकडे बघून विचारलंत, तिथं मला चष्मा पुसावा लागला. माझा मुलगा तसा नाही, असं तुम्ही म्हणाला असता तर मी फोटोवरही विश्वास ठेवला नसता. आमच्या बहिणीच्या सासरी तिच्यासाठी पोराला असं विचारणारं कुणी नव्हतं. राजीला आहे. आता मला त्या घरात काय होतंय म्हणून जागं राहायला नको. काल दुपारी जेवून ओट्यावर आडवा झालो तो दिवे लागल्यावर उठलो. सारिका दोनदा श्वास बघून गेली म्हणे.

तुम्ही आल्यावर बोलूच. पण मला बोललेलं अर्धंच कळतं आणि लिहिलेलं पुरतं कळतं, तेव्हा निघायच्या आधी चार ओळी खरडून टाका. पोस्टमन आला की मी पायऱ्या उतरून फाटकाशी जातो आहे.

तुमचा,
दत्तोबा